बटाटा आणि स्वयंपाकघरांतील शास्त्र

विद्यार्थिमित्रहो, बटाटा ही वस्तु इतकी परिचयाची आहे कीं, तिच्यावर पाठ लिहावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. आपल्या मावळांत मुख्य पीक भाताचें. बटाटा आपणांकडे येतो तो बहुधा शेजारच्या खेड व आंबेगांव तालुक्यांतून, चाकण आणि मंचर येथील बाजारांतून. तरी तो ज्या घरीं शिजत नाहीं असें घर सांपडणें कठीण. परंतु तोच बटाटा एका घरीं लोण्यासारखा मऊ होतो आणि दुसऱ्या घरीं चिकट होऊन बसतो. हा केवळ हाताचा गुण नव्हे. त्यास कारण आहे. आणि कारण कळलें म्हणजे कोणाच्याहि हातून तें काम साधतें.

बटाट्याचें मूळ स्थान दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचा प्रदेश. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला व पुढें पोर्तुगीजांच्या मार्फत तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आला असें मानतात. ‘बटाटा’ हा आपला शब्दहि पोर्तुगीज भाषेंतूनच आलेला आहे. हा परदेशी पाहुणा आतां इतका घरचा झाला आहे कीं, उपवासाच्या ताटांतहि त्यास मान मिळतो.

आतां त्याच्या अंतरंगाकडे वळूं. बटाट्याच्या वजनाचे सुमारें चार पंचमांश पाणीच असतें. उरलेल्या भागांत मुख्यतः पिठूळ सत्त्व असतें. यासच शास्त्रांत स्टार्च म्हणतात. हें सत्त्व सूक्ष्म कणांच्या रूपानें असंख्य पेशींत भरलेलें असतें. भिंतींतल्या विटा चुन्यानें जोडाव्या, तशा या पेशी पेक्टिन नांवाच्या द्रव्यानें एकमेकींस जोडलेल्या असतात. उष्णता लागली म्हणजे कण पाणी शोषून फुगतात व पेक्टिन सैल पडतें. मग पेशी अखंड राहून एकमेकींपासून सुटतात आणि बटाटा मोकळा व मऊ लागतो. पण त्याच पेशी जोरानें रगडून फोडल्या, तर आंतील फुगलेलें सत्त्व बाहेर येतें आणि पतंग चिकटविण्याच्या खळीसारखा गोळा बनतो. म्हणून बटाटा कुस्करावा, वाटूं नये. मिक्सरमध्यें तर मुळींच घालूं नये.

आतां दूध-लोणी घालून कुस्करलेल्या बटाट्यांची कृति सांगतों. चार माणसांसाठीं अर्धा किलो जुने, पिठूळ बटाटे घ्यावे. नवे बटाटे चिवट राहतात. ते स्वच्छ धुऊन सालींसकट थंड पाण्यांत टाकावे, थोडें मीठ घालावें आणि मग चुलीवर ठेवावे. एकदम उकळत्या पाण्यांत टाकल्यास बाहेरचा भाग फुटूं लागतो आणि गाभा कच्चाच राहतो. मध्यम आकाराच्या बटाट्यांस २० ते २५ मिनिटें लागतात. सुरी अडथळ्यावांचून आरपार गेली म्हणजे ते शिजले. पाणी काढून टाकून दोन मिनिटें वाफ जाऊं द्यावी, गरम असतांनाच साल काढावी व पुरणयंत्रांतून बटाटे फिरवून घ्यावे. पुरणयंत्र नसल्यास वाटीच्या बुडानें दाबावे. आधीं दोन चमचे लोणी, मग अर्धी वाटी गरम दूध थोडें थोडें घालून हलक्या हातानें ढवळावें. थंड दूध घालूं नये, त्यानें बटाटा निवतो. शेवटीं मीठ व चिमूटभर मिरपूड घालावी. आजाऱ्यास किंवा दांत नसलेल्या वृद्धास हें अन्न सुखानें खातां येतें.

येथें आपल्या गांवाचा एक विशेष सांगितला पाहिजे. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें ६२० मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब कमी असल्यामुळें पाणी १०० ऐवजीं सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. म्हणून उघड्या भांड्यांत बटाटे शिजण्यास मुंबईपेक्षां थोडा अधिक वेळ लागतो. कुकरमध्यें वाफ कोंडून दाब वाढतो, त्यामुळें हा फरक फारसा जाणवत नाहीं.

हेंच ज्ञान इतर पदार्थांसहि उपयोगी पडतें. आंबट पदार्थांत पेक्टिन सैल होत नाहीं. म्हणून रस्सा भाजींत चिंच किंवा आमसूल बटाटा शिजल्यावरच घालावें. काचऱ्या चिरल्यावर पाण्यांत धुतल्या तर वरचें सुटें सत्त्व निघून जातें व त्या एकमेकींस चिकटत नाहींत. वड्याची भाजी मात्र अगदीं बारीक न कुस्करतां मधून मधून फोडी राहूं द्याव्या. चव त्यांत आहे.

आतां एक गंभीर गोष्ट. उजेडांत पडलेला बटाटा हिरवा होतो. असा रंग दिसला म्हणजे त्यांत सोलॅनिन नांवाचें विष वाढलें असण्याचा संभव असतो. कोंबांतहि तें असतें, आणि शिजविल्यानें तें नाहींसें होत नाहीं. बटाटा पुष्कळ हिरवा किंवा कडू असेल तर दोन पैशांचा लोभ न धरतां फेकून द्यावा. आपल्याकडील पावसाळ्यांत ओल फार. म्हणून एका वेळीं आठवड्यापुरतेच बटाटे आणावे, बंद पिशवींत न ठेवतां टोपलींत, अंधाऱ्या व हवेशीर जागीं ठेवावे आणि नासका बटाटा लागलीच काढून टाकावा. एक नासला कीं शेजारचे नासतात.

ओलीचें हें वैर शेतांतहि असतें. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर करपा रोग पडला. तेथील गरीब लोक जवळजवळ या एकाच पिकावर जगत होते. पुढील कांहीं वर्षांत सुमारें १० लाख लोक उपासमारीनें व रोगराईनें मेले आणि तितक्याच लोकांस देश सोडावा लागला. यावरून दोष बटाट्याचा नव्हे, तर एकाच अन्नावर विसंबण्याचा, हें ध्यानांत येईल. आपल्या ताटांतहि बटाट्याच्या जोडीला डाळ व पालेभाजी असावी. भात आणि बटाटा एवढ्यानें पोट भरेल, पण वाढत्या मुलाचें पोषण होणार नाहीं.

सुटींत एक प्रयोग करून पाहा. एक उकडलेला बटाटा घेऊन त्याचा अर्धा भाग पुरणयंत्रांतून काढा आणि अर्धा खलबत्त्यांत चांगला कुटा. दोहोंतील फरक बोटांनीं पाहा आणि त्याचें कारण वहींत लिहा. पालकांस विनंति एवढीच कीं, हा प्रयोग मुलींप्रमाणें मुलांनाहि करूं द्यावा. घरांत आई आजारी पडेल त्या दिवशीं ज्या मुलास चार बटाटे नीट उकडून सर्वांना जेवूं घालतां येतील, त्याचें शिक्षण घराच्या उपयोगीं पडलें असें म्हणतां येईल.