हळदीचा रंग आणि स्कॅनर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी आमच्या सांगलीच्या घरात शिरले. आईच्या लग्नाचा अल्बम भिजून त्याचा लगदा झाला. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातील निगेटिव्ह तेवढ्या वाचल्या. त्यांतल्या एकीत हळद लागलेली आई आणि शेजारी पाटावर बसलेले आजोबा आहेत. आजोबा आता नाहीत आणि दोघांचा एकत्र असा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. या एका फोटोपायी स्कॅनरवरील रंगांचा जो अभ्यास मला करावा लागला, तो येथे थोडक्यात मांडते.

पहिल्या खेपेस मी सारे ‘ऑटो’वर सोपवले. पडद्यावरचे चित्र पाहून आई म्हणाली, “अगं, ही हळद की राख?” असे का झाले? रंग आपोआप सुधारताना पुष्कळदा असे गृहीत धरले जाते, की कोणत्याही चित्रातील रंगांची सरासरी करड्याच्या आसपास येते. हळदीच्या फोटोत पिवळाच फार. यंत्राने तो दोष मानला आणि निळा मिसळून ‘दुरुस्त’ केला. यंत्राला हळद ठाऊक नसते. म्हणून पहिला नियम : ऑटो बंद.

दुसरी निवड फिल्मच्या प्रकाराची. स्लाइड ही सुलटी प्रतिमा असते; उजेडासमोर धरली की मूळ रंग दिसतात, ताडून पाहता येतात. रंगीत निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात आणि वर नारिंगी छटा असते. ही छटा म्हणजे जुनेपणाचा डाग, असे मला वाटत होते. वास्तविक फिल्ममधील किरमिजी व निळसर-हिरवी रंगद्रव्ये पूर्ण शुद्ध नसतात. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असते. स्कॅनरला ‘रंगीत निगेटिव्ह’ असे सांगितले, की तो ती वजा करतो. कृष्णधवल निगेटिव्ह मात्र १६ बिट ‘ग्रे’मध्ये घ्यावी. तिच्यातील चांदीचे कण अवरक्त किरण अडवतात, म्हणून त्या किरणांनी धूळ काढण्याची सोय अशा वेळी बंद ठेवावी.

तिसरी निवड बिटांची. २४ बिटांत लाल, हिरवा व निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या मिळतात. ४८ बिटांत ६५,५३६. पुढे रंग ओढूनताणून बसवायचा असेल तर पायऱ्या जास्त हव्यात, नाहीतर सावल्यांत पट्टे उमटतात. ३५ मिमी.ची एक चौकट २४०० डीपीआयवर घेतली, तर ४८ बिटांत सुमारे ४६ मेगाबाइट जागा लागते. २४ बिटांत त्याच्या निम्मी. जागेची काटकसर इथे करू नये. हिस्टोग्रामच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवावी. टोकाशी कापला गेलेला रंग नंतर परत येत नाही. मूळ प्रत टिफमध्ये आणि अडोबी आरजीबीसारख्या विस्तृत रंगक्षेत्रात ठेवावी. नातेवाइकांना मोबाइलवर पाठवण्यासाठी तिच्यावरून एसआरजीबीतील जेपेग काढावी.

एवढे करूनही खरा रंग कोणता, हे कोण सांगणार? मी आजोबांची टोपी पांढरी धरली. हळद लगेच पिवळी झाली, आईचे हिरवे चुडेही उठून दिसू लागले. मी खूश झाले. आई मात्र बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “टोपीला निळीचा हात असायचा. मीच धुवायची ना.” मी निळा कणभर वाढवला. “आता अण्णा दिसले,” ती म्हणाली.

माझी आई सातवीपर्यंत शिकली. बिट, हिस्टोग्राम हे शब्द तिला परके आहेत. पण टोपीचा पांढरा कसा होता, ते घरात तिलाच ठाऊक होते. तेव्हा मित्रहो, स्कॅन करताना फिल्मवर आहे ते सारे उचलून ठेवा आणि रंगाचा निर्णय त्या घरच्या माणसाला शेजारी बसवून करा. निगेटिव्ह पुष्कळ वर्षे टिकते. साक्षीदार तितके टिकतीलच असे नाही.

— द्वितीय वर्ष, कला