पासवर्ड आठवावा, विचारावा लागू नये

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतून हल्ली बरेचदा दोघं म्हातारीच असतात; मुलं पुण्याला नाहीतर कॅनडात. त्यांच्या फोनवर बँकेची ॲपं लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते. त्यातून पक्क्या झालेल्या काही गोष्टी.

१. अवघड पासवर्ड भिंतीवर जातो. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, तीन महिन्यांनी नवा, असं म्हटलं की काकू तो कॅलेंडरच्या मागे लिहितात आणि मुदत संपली की शेवटचा १ खोडून २ करतात. अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेतल्या बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून हे नियम जगभर गेले. २०१७ मध्ये त्यांनीच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने चिन्हांची आणि ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको, असं सांगितलं. पासवर्ड फुटल्याचं दिसलं तर मात्र तो लगेच बदलायचा.

२. म्हणून मी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगते. गोधडी, विहीर, शेवउसळ, तिकीट असे. (हेच घेऊ नका!) कुलदैवत, नातू, स्कूटरचा नंबर नको, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं.

३. सगळ्यात जास्त घोळ ओटीपीचा. "बाबांना जमणार नाही" म्हणून मुलगा खात्याला स्वतःचा नंबर जोडतो. मग गॅसचं बिल भरताना बाबा टोरांटोला फोन लावतात. तिथे मध्यरात्र. मुलगा झोपेतच सहा आकडे सांगतो, बाबा एकेक मोठ्याने म्हणून दाबतात. ओटीपी कुणाला सांगू नका, असं बँक कानीकपाळी ओरडते आणि घरात रोज तेच चालतं! उद्या कुणी "बँकेतून बोलतोय" म्हणाला, तर त्यात बाबांना वावगं काय वाटणार? रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरी खातरजमा सक्तीची केली, ते फार चांगलं झालं. पण ती खाते वापरणाऱ्याच्याच फोनवर यायला हवी. मुलाला काळजी वाटते, ती खरीच आहे. त्याने रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करून द्यावी.

४. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. एवढं पाठ असलं तरी पुष्कळ.

५. जन्मभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे मशीन ओळखत नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आजी बोट पुसून पुन्हा पुन्हा ठेवतात आणि ओशाळतात. यात त्यांनी का ओशाळावं? २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. खिडकीपाशी उजेडात बसवलं की काम होतं.

६. फसवणूक झाली तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. घरच्यांनी त्या वेळी रागावू नये. मुलं ओरडतील या भीतीने माणसं दोन दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यांत निघून जातात.