जास्त वॅटचा बल्ब लावू का?

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीचा डावा हेडलाइट पिवळट, मंद लागतो. बल्ब बदलला, तरी तेच. आता १०० वॅटचा बल्ब लावावा, असं मित्र म्हणतो. लावू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नका लावू. बहुतेक जुन्या गाड्यांतला एच-४ बल्ब १२ व्होल्टचा, ६०/५५ वॅटचा असतो. वायरिंग तेवढ्याच भाराचं. वॅट वाढवल्यास होल्डर वितळतो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि ते नियमबाह्यही आहे. मूळ दोषही तसाच राहतो.

आधी दोन्ही बाजूंचे बल्ब अदलाबदल करून पाहा. तरीही डावाच मंद राहिला, तर बल्ब निर्दोष. मग बहुधा अर्थिंगचा दोष. हेडलाइटमागची, बहुतेकदा काळी, वायर बॉडीला स्क्रूने जोडलेली असते. कोकणातल्या पावसात तिथे हमखास गंज चढतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, स्क्रू काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. खर्च जवळपास शून्य! होल्डर करपून तपकिरी झाला असेल, तर मात्र नवाच घ्या. काच धुरकट असल्यासही उजेड कमी पडतो, तीही पाहा.

बल्ब गार झाल्यावरच काढा. नव्या हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डागाने तो लवकर जातो. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, तार कधीच नको. एवढं करूनही उजेड वाढला नाही, तर ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि तोवर रात्री गाडी काढू नका.