फुकट वायफायचं बिल कोण भरतं?

मंडळी, हॉस्टेलवर नवीन मुलगी आली की ती पहिला प्रश्न काय विचारते? मेस कशी आहे? छे! "वायफायचा पासवर्ड काय गं?"

मागच्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी मुद्दाम सोपा विषय घेतला : मोठ्या हॉटेल चेन पाहुण्यांना फुकट इंटरनेट कसं देतात. चार कंपन्या, एक तक्ता, दहा मिनिटं, काम फत्ते! पण तक्ता बघून सरांनी एकच प्रश्न टाकला, "फुकट आहे ते कळलं. बिल कोण भरतं?" मी गप्प! हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर.

आधी तो तक्ता

गोष्ट मुख्यतः अमेरिकेतल्या चेनची आहे. तिथे बरीच वर्षं एक उलटा प्रकार होता. हायवेवरच्या साध्या हॉटेलात इंटरनेट फुकट आणि महागड्या हॉटेलात मात्र दिवसाला वेगळे पैसे! २०१४-१५ मध्ये हे चित्र भराभर बदललं :

१) आयएचजी (हॉलिडे इन यांचंच) : २०१४ पासून सर्व सभासदांना फुकट.
२) मॅरियट : १५ जानेवारी २०१५ पासून सभासदांना फुकट, पण बुकिंग थेट कंपनीकडे केलं तरच.
३) हयात : फेब्रुवारी २०१५ पासून सगळ्याच पाहुण्यांना फुकट. सभासदत्वाची अट नाही, बुकिंग कुठूनही करा.
४) हिल्टन : ऑगस्ट २०१५ पासून सभासदांना, तेही थेट बुकिंग केलं तरच.

म्हणजे "फ्री" हा शब्द चौघांचा एकच, पण अर्थ वेगवेगळे.

महाग हॉटेल पैसे का घ्यायचं?

कारण तिथे उतरणारा माणूस बहुतेक वेळा कंपनीच्या खर्चाने आलेला असतो. बिल ऑफिस भरणार, मग इंटरनेटचे दहा-पंधरा डॉलर त्याला कशाला टोचतील? साध्या हॉटेलातला पाहुणा मात्र स्वतःच्या खिशातून भरतो. चार डॉलर जास्त दिसले की तो शेजारच्या हॉटेलात जातो. दर ठरतो तो सेवा द्यायला किती खर्च येतो यावर नाही, तर समोरचा किती सहन करतो यावर!

मग फुकट कसं परवडलं?

सभासदत्वाला पैसे पडत नाहीत, मग हॉटेलला काय मिळतं? समजा खोलीचं भाडं १०० डॉलर आहे. प्रवासी वेबसाइटवरून बुकिंग झालं आणि तिचं कमिशन १५ टक्के धरलं, तर १५ डॉलर तिकडे गेले. पाहुणा थेट आला तर ते १५ डॉलर वाचले, त्यात १० डॉलरचं इंटरनेट सहज बसतं. शिवाय पाहुण्याचं नाव, ई-मेल, तो कधी आणि कुठे जातो ही माहिती हॉटेलच्याच वहीत राहते. म्हणजे बिल भरलं जातंच, फक्त नोटांनी नाही.

दुसरी मेख स्पीडची. समजा २०० खोल्या, प्रत्येकीत ३ डिव्हाइस, म्हणजे ६००. रात्री नऊला त्यातले निम्मे चालू. लाइन ३०० एमबीपीएसची असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला १ एमबीपीएस! (आपल्याला हे गणित शिकवायला नको, आपण रोज जगतो.) म्हणून अनेक हॉटेलं दोन पायऱ्या करतात : मेल बघण्यापुरतं "बेसिक" फुकट आणि व्हिडिओसाठी "प्रीमियम" पैसे देऊन.

आणि आता खरी गोष्ट

हे सगळं धंद्याचं गणित म्हणून सोडून देता येईल. पण तयारी करताना एक प्रकरण वाचलं आणि मी चाटच पडले. नॅशव्हिलमधलं गेलॉर्ड ऑप्रीलँड हे मॅरियट चालवत असलेलं प्रचंड कन्व्हेन्शन हॉटेल. तिथे स्टॉल लावणाऱ्यांकडून वायफायसाठी एका डिव्हाइसला २५० ते १००० डॉलर घेतले जायचे. लोक म्हणाले, राहू दे, आम्ही आमचा हॉटस्पॉट लावतो. पण तो चालेचना! मार्च २०१३ मध्ये तक्रार झाली आणि एफसीसीच्या चौकशीत उलगडा झाला : हॉटेलची यंत्रणा या हॉटस्पॉटवर "डी-ऑथेंटिकेशन" फ्रेम्स सोडत होती.

या फ्रेमचा अर्थ एवढाच : "कनेक्शन संपलं, निघा." वायफायच्या मूळ स्टँडर्डमध्ये ही फ्रेम खरंच कोणी पाठवली हे तपासायची सोय नव्हती. कोणीही दुसऱ्याच्या नावाने पाठवावी आणि बिचाऱ्या लॅपटॉपने खरी मानावी! २००९ च्या ८०२.११डब्ल्यू मध्ये त्यावर संरक्षण आलं आणि २०१८ च्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ते सक्तीचं झालं.

पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी हे केलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. एफसीसीला ते पटलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅरियटने ६ लाख डॉलर भरायचं कबूल केलं. जानेवारी २०१५ मध्ये एफसीसीने सगळ्यांनाच बजावलं की दुसऱ्याचा हॉटस्पॉट अडवणं बेकायदा आहे. इमारत हॉटेलची असेल, पण तिच्यातल्या लहरी हॉटेलच्या नाहीत!

आता तारखा पुन्हा बघा. दंड ऑक्टोबर २०१४, मॅरियटचं फुकट वायफाय जानेवारी २०१५. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या खिशात स्वतःचा हॉटस्पॉट आहे त्याला इंटरनेट महाग विकता येत नाही, एवढं नक्की. हॉटेलांना उदार केलं ते पाहुण्याच्या हातातल्या दुसऱ्या पर्यायाने.

तेव्हा मित्रांनो, कुठेही "फ्री वायफाय"ची पाटी दिसली (आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावरसुद्धा!) तर तीन प्रश्न विचारा. पैसे कोण देतंय? बदल्यात आपण काय देतोय? आणि नको असेल तर दुसरा रस्ता मोकळा आहे का? माझ्या मते तिसरा सगळ्यात महत्त्वाचा.

सर, उत्तर उशिरा दिलं, पण दिलं! सेमिनारला मार्क किती पडले ते मात्र कोणी विचारू नका.