आडनावाचा माग : वऱ्हाडातल्या पणजोबांचा शोध

तुमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव सांगता येईल का? बहुतेकांची गाडी आजोबांपाशी थांबते. पुढे जायचं तर आडनाव हा पहिला धागा. पण तो धागा कुठून आला हे आधी समजून घ्या.

काही आडनावं गावावरून पडली. संत गाडगेबाबांचंच उदाहरण बघा. त्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील लवकर वारले, म्हणून बालपण मामाकडे गेलं, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तो झाला अकोला जिल्हा. म्हणजे जन्म एका जिल्ह्यात, वाढ दुसऱ्यात आणि आडनाव बोट दाखवतं तिसऱ्याच गावाकडे! ‘गाडगे’ हे नाव तर हातातल्या मातीच्या गाडग्यामुळे लोकांनी दिलं. जुन्या नोंदीत ‘गाडगे’ शोधत बसलात, तर हाती काय लागणार?

‘कर’ लागलेलं आडनाव दिसलं की एक गोष्ट लक्षात ठेवा : हे नाव सहसा गाव सोडल्यावर पडतं. गावात राहणारे सगळे त्याच गावचे, तिथे तसं वेगळं सांगायची गरजच नसते.

काही आडनावं वतनावरून आली. देशमुख, देशपांडे, पाटील ही मुळात कामाची नावं. डॉ. पंजाबराव देशमुख 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ इथे जन्मले. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव कदम. म्हणून दोन देशमुख भेटले की ते एकाच कुळातले, असं समजू नका.

आता शोधायचं कुठे? 1853 च्या तहाने निजामाकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे जमिनीची मोजणी झाली, जन्ममृत्यूच्या नोंदी होऊ लागल्या. तुमच्यासाठी कामाचे कागद असे :

1. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर.
2. कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद.
3. शेतीचे जुने कागद. त्यातले काही मोडीत असतात, वाचणारा जाणकार गाठा.
4. त्र्यंबकेश्वर, नाशिक इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या. तिथे गाव आणि आडनाव सांगावं लागतं.

जुन्या नोंदीत पुष्कळदा आडनाव नसतंच. ‘रामा वल्द गणू’ एवढंच लिहिलेलं असतं; वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. म्हणून आडनाव सापडलं नाही तर हिरमुसू नका. गाव, वडिलांचं नाव आणि साल, या तिन्हींचा मेळ बसवा. एकाच नावाचे दोघं असू शकतात, तेव्हा एका कागदावर भरवसा ठेवू नका.

हा नुसता हौसेचा अभ्यास नाही बरं का. जात पडताळणीच्या वेळी इतर मागास वर्गातल्या विद्यार्थ्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या दाखल्यात एक आडनाव आणि वडिलांच्या दाखल्यात दुसरं निघालं, की ऐन प्रवेशाच्या दिवसांत धावपळ होते. ही जुळवाजुळव दहावीतच केलेली बरी.

स्वाध्याय : या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आजीला तिच्या माहेरचं आडनाव आणि गावही विचारा. वंशावळीत बायकांची नावं बहुधा गळतात. तुमच्या वहीत ती राहू द्या. कागद टिकतात, पण आठवणी माणसासोबत जातात. म्हणून आधी माणसाला विचारा, मग कार्यालयात जा.