केस रंगवण्यापूर्वी आणि नंतर

भिवंडीतल्या आमच्या नारपोलीत यंत्रमागांचा खडखडाट इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो थांबला तरच झोपेतून जाग येते. आमच्या शेजारी एक काका राहतात. मागांचे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून देणारे कारागीर. पुतणीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी, रात्रीच्या पाळीवरून आल्यावर, त्यांनी नेहमीप्रमाणे केस आणि मिशा काळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी कपाळ खाजू लागले. लग्नाच्या सकाळी पापण्या इतक्या सुजल्या होत्या, की डोळे उघडेनात. अक्षता टाकायच्या वेळी काका दवाखान्यात होते.

बरे झाल्यावर ते मला म्हणाले, "सर, सात वर्षं हाच रंग लावतोय. पाकीट तेच, दुकान तेच. मग यंदाच असं का झालं? माल भेसळीचा असणार, दुसरं काय!"

प्रश्न रास्त होता. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, तेव्हा रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याचे डोके खाऊन उत्तर मिळवले. भेसळीची गरजच नव्हती. 'सात वर्षं काही झालं नाही' हा काकांचा भरवसाच चुकीचा होता. तो का, हे समजायला आधी केसाकडे पाहू या.

आपला एक गळालेला केस घ्या. मुळाकडून टोकाकडे चिमटीतून ओढा. तो सुळकन जाईल. आता टोकाकडून मुळाकडे ओढा. थोडासा खरखरीत लागेल. केसाच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांसारखे पातळ खवले एकावर एक बसलेले असतात आणि त्यांची तोंडे टोकाकडे असतात, म्हणून हा फरक. खवल्यांच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. लोकरही केराटिनचीच. कापूस मात्र सेल्युलोजचा. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक केस आणि एक सुती धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. धाग्याचा वास कागद जळल्यासारखा येतो, केसाचा मात्र नाक मुरडायला लावणारा. केराटिनमध्ये गंधक असते, त्याचाही या वासात वाटा आहे.

केसाचा काळा रंग मेलॅनिन या द्रव्याच्या बारीक कणांचा. वय वाढले, की मुळाशी हे कण तयार होणे मंदावते आणि केस पांढरा उगवतो. गंमत अशी, की त्या केसात पांढरे द्रव्य कुठलेच नसते. मिठाचा खडा पारदर्शक दिसतो, पण बारीक कुटलेले मीठ पांढरेशुभ्र. तसेच हे. रंगद्रव्य नसलेल्या केसातून आणि त्याच्या खवल्यांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, आणि डोळ्यांना तो पांढरा दिसतो.

असा केस काळा करायचा कसा? वरून रंग फासला, तर पहिल्या धुण्यात तो वाहून जाईल. रंगाचा मोठा रेणू खवल्यांतून आत शिरत नाही, आणि जो छोटा रेणू आत शिरतो तो तितक्याच सहज बाहेरही येतो. यावरची युक्ती कापड रंगवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आमच्याकडे मुख्यतः कोरे कापड विणले जाते, रंग त्यावर पुढे चढतो. पण निळीने सूत रंगवताना पाहिले असेल त्याला आठवेल, की हौदातून सूत निघते तेव्हा ते हिरवट-पिवळे असते आणि हवा लागली, की पाहता पाहता निळे होते. पाण्यात विरघळणारा पदार्थ धाग्यात शिरतो, तिथे त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन न विरघळणारी नीळ बनते आणि अडकून बसते.

केसांच्या टिकाऊ रंगाचे तत्त्व असेच आहे. त्यातला मुख्य पदार्थ बहुधा पॅराफेनिलीन डायअमीन, थोडक्यात पीपीडी. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन रंगीत पदार्थ बनतात, याची नोंद हॉफमान या जर्मन रसायनज्ञाने 1863 साली केली होती. फ्रान्समध्ये यूजीन श्यूलर या रसायनज्ञाने 1907 साली कृत्रिम केशरंग बनवला आणि पुढे त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. पीपीडीचा रेणू लहान असतो. मिश्रणातला अमोनिया केस फुगवतो, खवले जरा उघडतात, पीपीडी आत जाते. मग हायड्रोजन पेरॉक्साइड तिचे ऑक्सिडीकरण करते, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि मोठा, काळा रेणू आत कोंडला जातो. म्हणजे पाकिटात काळा रंग नसतोच. तो तुमच्या डोक्यावर तयार होतो!

या पेरॉक्साइडच्या बाटलीवर कधी कधी '20 व्हॉल्यूम' असे लिहिलेले असते. हा आकडा कुठून आला? 6 टक्के द्रावणाच्या एका लिटरमध्ये 60 ग्रॅम पेरॉक्साइड असते. 68 ग्रॅमपासून 22.4 लिटर ऑक्सिजन मिळतो, तर 60 ग्रॅमपासून 19.8 लिटर, म्हणजे द्रावणाच्या सुमारे 20 पट. आता समजा, 50 मिलिलिटर द्रावण घालून कालवलेला रंग उरला आणि तो कुणी काटकसरीने बाटलीत घट्ट बूच लावून ठेवला. बाटलीत रिकामी जागा 100 मिलिलिटर. सगळ्या पेरॉक्साइडचे विघटन झाले, तर त्या जागेत एक लिटर वायू कोंबला जाईल. दाब वातावरणाच्या दाबाच्या दहापट! म्हणून उरलेला रंग टाकून द्यावा. कालवायला भांडेही धातूचे नको, कारण काही धातूंमुळे हे विघटन झपाट्याने होते. काचेचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे.

आता काकांचा प्रश्न. पीपीडी आणि पूर्ण बनलेला काळा रेणू यांच्या मधल्या अवस्थेतले अर्धवट रेणू फार चळवळे असतात. ते डोक्याच्या त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराच्या संरक्षक पेशींना हे चिकटलेले प्रथिन परके वाटू शकते. एखाद्या वेळी त्यातल्या काही पेशी ते 'ओळखून' ठेवतात. त्या दिवशी बाहेरून काहीच दिसत नाही. पण पुढच्या वेळी तोच पदार्थ आला, की या पेशी तुटून पडतात. खाज, लाली, पाणी भरलेले फोड, पापण्यांना सूज. हीच ॲलर्जी. ही ओळख पहिल्या वेळी पटेल, पाचव्या वेळी पटेल किंवा कधीच पटणार नाही. काकांच्या शरीराला ती सात वर्षांत केव्हातरी पटली होती. एकदा पटली, की ती बहुधा जन्मभर पुसली जात नाही. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2006 साली पीपीडीला 'वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ' असा मान दिला होता. मान कसला म्हणा!

म्हणून रंगापूर्वीची चाचणी दर खेपेला करायची असते. आपल्या देशात अशा रंगांच्या वेष्टनावर चाचणीची सूचना, आणि भुवया-पापण्यांना लावल्यास अंधत्व येऊ शकते हा इशारा, छापण्याचा नियम आहे. कृती सोपी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला त्वचा साबणाने धुवावी, पत्रकाप्रमाणे कालवलेला थेंबभर रंग लावून वाळू द्यावा. आपल्या जुन्या नियमांत 24 तास थांबा असे म्हटले होते. अनेक पाकिटांवर 48 तास असतात. मी 48 च्या बाजूचा आहे, कारण ही ॲलर्जी सावकाश उठणारी आहे, कधी दोन-तीन दिवसही घेते. लग्न रविवारी असेल, तर चाचणी आधीच्या आठवड्यातच झाली पाहिजे. आदल्या संध्याकाळी केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे.

डोक्यावर जखम किंवा खरूज असेल, तर रंग लावू नये. हातमोजे घालावेत. पत्रकातल्या वेळेपेक्षा जास्त वेळ रंग ठेवल्याने केस 'अधिक काळे' होतात, ही समजूत सोडावी, त्वचेचा संपर्क मात्र वाढतो. आणि स्नेहसंमेलनासाठी केस रंगवू पाहणाऱ्या दहावीच्या वीरांनो, युरोपीय संघात या रंगांच्या वेष्टनावर '16 वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही' असे छापावेच लागते.

"मग मेंदी लावू," असे कुणी म्हणेल. मेंदीच्या पानातल्या लॉसोनचा रंग तांबूस. नुसती मेंदी काळी होत नाही. काळ्या पुडीत निळीच्या झाडाचे पान असू शकते, किंवा चक्क पीपीडी. घटकांची यादी वाचावी आणि यादीच नसेल तर पुडी परत करावी. लग्नात हातावर काढतात त्या झटपट 'काळ्या मेंदी'तही पीपीडी सापडते, आणि तिथे ती थेट त्वचेवर तासन्‌तास बसते. पुष्कळांना पहिली ओळख तिथेच पटते.

रंगानंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत डोके धुवावे. आग होऊ लागली, तर वेळ पुरी होण्याची वाट न पाहता तेव्हाच धुवावे. डोळे-ओठ सुजले किंवा श्वास जड झाला, तर तडक दवाखाना गाठावा, घरगुती लेप लावत बसू नये. केस मात्र थोडे राठ होणारच. पेरॉक्साइडने केराटिनचे काही बंध तुटतात, आणि त्वचेबाहेरचा केस निर्जीव असल्याने ती इजा भरून येत नाही. तेल किंवा मलम खवले गुळगुळीत करते, इतकेच. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 30 सेंटिमीटर लांब वेणीचे टोक अडीच वर्षांचे म्हातारे असते. महिन्याभरात मुळाशी पांढरी रेघ दिसेल, तेव्हा तेवढ्यालाच रंग लावावा. टोकांना पुन्हा पुन्हा तोच मार कशाला?

काका आता पांढऱ्या मिशांनी मागांवर फिरतात. त्यांच्या खिशात डॉक्टरांनी दिलेली एक चिठ्ठी असते: 'पीपीडीची ॲलर्जी'. त्वचा बधिर करणारी काही मलमे आणि कापडाचे काही रंग पीपीडीचे नातलग आहेत, आणि पीपीडी ओळखणाऱ्या पेशी कधी कधी त्यांनाही ओळखतात. औषधाच्या दुकानात मलम मागताना काका आधी ती चिठ्ठी पुढे करतात.