पोटावरची पिशवी आणि मनातली धास्ती

वर्गाच्या एका कोपऱ्यात अत्तराची बाटली उघडली, तर थोड्याच वेळात वास दुसऱ्या कोपऱ्यात पोचतो. हे विसरण तुम्हांला ठाऊक आहे. आता समजा, जिचा वास सुटेल अशी धास्ती वाटते, ती वस्तू तुमच्या स्वतःच्याच पोटावर आहे!

कर्करोग, आतड्याचा दाह किंवा अपघात यांमुळे काही रोग्यांच्या आतड्याचे टोक शस्त्रक्रियेने पोटावर बाहेर आणावे लागते. ह्या तोंडाला ‘स्टोमा’ म्हणतात. मल रोखून धरणारा स्नायू तेथे नसतो. तो केव्हा बाहेर पडेल हे रोग्याच्या हाती राहत नाही, म्हणून पिशवी लावावी लागते. जखम भरते, पण लहानपणी मिळवलेला हा ताबा गेल्याची लाज तशी भरून येत नाही.

डेन्मार्कमधील थोरा नावाची तरुणी १९५४ साली गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेना. तिची बहीण एलिसे सोरेन्सन ही परिचारिका. तिने कातडीला चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीची कल्पना काढली आणि आगे लुई-हान्सेन या कारखानदाराने ती बनवली. म्हणजे ह्या शोधामागे जखमेपेक्षा भीतीच अधिक होती.

आजच्या पिशव्यांचे प्लॅस्टिक वास सहसा बाहेर जाऊ देत नाही. वायूने पिशवी फुगू नये म्हणून अनेक पिशव्यांना बारीक छिद्र असते व त्यावर सक्रियित कोळशाची गाळणी. अशा एक ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर भरतो! वासाचे रेणू त्यावर अधिशोषले जातात, उरलेला वायू निघून जातो.

मग भीतीही जाते का? पुष्कळदा नाही. रोगी पिशवी पुन्हा पुन्हा चाचपतो, कमी खातो, लग्नकार्य व एस.टी.चा प्रवास टाळतो. टाळले की तेवढ्यापुरते हायसे वाटते, पण भीती खरी की खोटी हा प्रयोग होतच नाही! घरात कोंडून घेतलेल्या माणसाला पुढे खिन्नता ग्रासू शकते. तो आजारच आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

ह्या कामी कधीकधी दुसरा स्टोमाधारकच अधिक उपयोगी पडतो. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली नॉर्मा गिल यांना रोग्यांच्या मदतीसाठी नेमले. त्या परिचारिका नव्हत्या, पण त्यांना स्वतःला स्टोमा होता. शिक्षकांनाही एक करता येईल: अशा विद्यार्थ्याला न विचारता वर्गाबाहेर जाण्याची मोकळीक द्यावी, आणि सहलीच्या यादीतून त्याचे नाव आपणहून गाळू नये.